पुरून उरते ती पेशी

मुकुंदवाडी रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा एमआयडीसी यांच्या मधल्या वस्तीत बहुतेकांचं गाव जालना, बीड, परभणीकडचं आणि हजेरी कंपनीतली. इथल्याच एका गल्लीत राहणारे मामा कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी कापसाच्या पट्ट्यात गेली. त्यांची भाची मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या गाठींमधला डीएनए वाचण्याचं काम करते. दोघांच्या वादाला निमित्त झालं शेजारचं घर. तिथला कर्ता माणूस एका कारखान्यात लेथवर आहे. तिसऱ्या पाळीत डोळा लागू नये म्हणून गालात तंबाखूचा बार धरायची त्याची जुनी सवय. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तपासणी झाली, बायोप्सी झाली. गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, गाठ तीन सेंटिमीटरची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तेवढ्यात कुणा ओळखीच्यानं त्याच्या डोक्यात भरवलं, की आधी ‘जीन टेस्ट’ करून घे, मग कॅन्सरवर नेमकी गोळी मिळते, चिरफाड टळते. मामा ऐकून भडकले. भाची सुट्टीला आलेली होती.

मामा : भिशी उचलून टेस्ट करायला निघालाय तो. मी त्याला थांबवलंय. कॅन्सर कशानं झाला ते त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही माहीत आहे. त्यात जनुकं कशाला वाचायची?

भाची : टेस्टचं नंतर बोलू. पण तुमचं ‘कशानं झाला’ अर्धंच आहे, मामा. तंबाखूनं कॅन्सर होतो म्हणजे नेमकं काय होतं? मळलेला बार काही स्वतः गाठ होऊन बसत नाही. तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची रसायनं असतात. ती गालाच्या पेशीत शिरतात, शरीर त्यांच्यावर प्रक्रिया करतं आणि त्यातून तयार होणारा पदार्थ डीएनएला चिकटतो. पेशीची दोन होताना सगळ्या डीएनएची नक्कल करावी लागते. चिकटलेल्या जागी नक्कल चुकते. एकदा चुकलेलं अक्षर मग त्या पेशीच्या सगळ्या वंशात तसंच उतरत जातं. हेच म्युटेशन.

मामा : तीनशे कोटी अक्षरं असतात म्हणतेस ना? त्यात एक इकडचं तिकडं झालं तर एवढं काय आभाळ कोसळतं?

भाची : बहुतेक वेळा काहीच होत नाही. तुमच्या-माझ्या पेशींत आत्ताही अशा ढिगानं चुका आहेत. प्रश्न जागेचा आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्यासह काहींच्या प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कॅन्सरमधलं रास नावाचं जनुक वाचलं. निरोगी माणसाच्या जनुकात आणि त्यात फरक निघाला एकाच अक्षराचा, ‘जी’च्या जागी ‘टी’. रासचं काम एवढंच, की बाहेरून वाढीचा निरोप आला तर तो आत पोचवायचा आणि गप्प बसायचं. त्या एका अक्षरानं त्याचं गप्प बसणं गेलं. निरोप आलेला नसतानाही ते ‘वाढ, वाढ’ म्हणत राहिलं.

मामा : म्हणजे एका अक्षरावर कॅन्सर.

भाची : एकावर नाही, म्हणूनच तर तो वीस-वीस वर्षं घेतो. वाढीचा रेटा लावणारी जनुकं असतात तशी थोपवणारीही असतात. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं टीपी५३. डीएनए बिघडला की ते विभाजन रोखून धरतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. जगातल्या सगळ्या प्रकारच्या कॅन्सरांचा विचार केला तर साधारण निम्म्यांत हे जनुक मोडलेलं सापडतं. एकदा ते गेलं की पुढच्या चुकांना अटकाव राहत नाही, म्हणून चुका साचण्याचा वेगही वाढतो. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचं तर स्वतंत्र वाचन झालंय. खारघरचं टाटाचं केंद्र आणि पश्चिम बंगालमधली कल्याणीची संस्था यांनी मिळून ११० रुग्णांच्या गाठी तपासल्या, २०१३ मध्ये छापलं. टीपी५३ होतंच, पेशीला मरणाची आज्ञा देणारं कॅस्प८ होतं, वाढ आवरणारं फॅट१ होतं, रासच्या कुळातलं एचरास होतं. शिवाय या कॅन्सरात तोवर कुणी न नोंदवलेली पाच जनुकंही सापडली.

मामा : आणि सापडून काय झालं? त्या ११० जणांच्या तोंडात तंबाखू होती हे गाठ न वाचता मी सांगितलं असतं.

भाची : तुमच्या आधी डॉ. वसंतराव खानोलकर होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा आढावा छापला. ऐंशी वर्षं झाली. आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाहीच.

मामा : तेच म्हणतोय. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची. आपल्या स्टेशनाबाहेर पुडी मिळत नाही असं म्हण एकदा. बरं, त्याच्या बायकोनं मला विचारलं, पोरांनाही होईल का? जनुकांचा रोग म्हटलं की बाई घाबरली.

भाची : तिला सांगा, हा कॅन्सर जनुकांचा आहे पण वारशाचा नाही. तिच्या नवऱ्याचं म्युटेशन गालाच्या पेशीत घडलंय, ते पोरांकडं जायला वाटच नाही. आईबापांकडून सदोष जनुक येऊन होणारे कॅन्सर एकूणात पाच ते दहा टक्के. स्तनाच्या कॅन्सरमधलं बीआरसीए१ त्यातलं. पोरांकडं उतरेल ती सवय. ती मात्र घरात रोज दिसते.

मामा : हे मी तिला सांगतो. आता माझं ऐक. तू म्हणतेस की चूक कुठं आहे ते वाचायचं आणि नेमक्या तिथं औषध मारायचं. हा खेळ मी आयुष्यभर पाहिलाय. २००२ मध्ये बीटी कापूस आला. झाडातच विष, अळीनं पान कुरतडलं की मेली. शेतकरी खूश, फवारण्या कमी, कंपनी खूश, आम्हीही खूश. २००६ ला दोन विषांचं बियाणं आलं. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशे वीस ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं. कडेनं पाच ओळी त्या लावा म्हणून आम्ही घसा कोरडा करायचो. का, तर तिथं साध्या अळ्या जगाव्यात. शेतात एखादी विष पचवणारी निघालीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार साधा मिळावा आणि पुढची पैदास पुन्हा मरणारी व्हावी. लोक म्हणायचे, साहेब, अळीला पोसायला शेत आहे का? पाकीट बांधावर पडून राहायचं. वर कापूस डिसेंबरात काढून न टाकता फरदड घ्यायची. अळीला वर्षभर घर. गुलाबी बोंडअळीनं गुजरातेत आधी पहिलं विष पचवलं, मग दुसरं. २०१७ ला आपल्याकडं शेतात गेलं तर पऱ्हाटी हिरवीगार, फुलं मिटून डोमकळ्या झालेल्या, बोंड वरून गोंडस आणि फोडलं की आत अळी नि सडलेली सरकी. तुझी नेमकी गोळी म्हणजे दुसरं काय आहे?

भाची : तेच आहे. अगदी तेच आहे, मी नाही म्हणणार नाही. फक्त एक सांगा, अळी विष खाऊन खाऊन पचवायला शिकली का?

मामा : मला परीक्षा घालतेस? शिकत नसते अळी. लाखात एखादी आधीपासूनच तशी असते. बाकीच्या मेल्या की रान तिचंच.

भाची : आमच्याकडं ही गोष्ट सिद्ध व्हायला १९४३ साल उजाडलं. लुरिया आणि डेलब्रुक यांनी जिवाणूंवर प्रयोग करून दाखवलं, की विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडायच्या आधीच, आपोआप झालेल्या बदलांतून तयार असतात. पुढं १९७६ मध्ये पीटर नॉवेल यांनी कॅन्सरला हाच विचार लावला : गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा ढीग नव्हे, तिच्यात सतत नवे वंश फुटतात आणि जो टिकतो तो पसरतो. फुप्फुसाच्या एका कॅन्सरमध्ये हे अक्षराबरहुकूम दिसतं. ईजीएफआर नावाच्या जनुकात म्युटेशन असलेल्यांना जेफिटिनिबची रोजची एक गोळी दिली की गाठ अक्षरशः वितळते. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं ९०७ भारतीय रुग्ण तपासले, तर २३ टक्क्यांत हे म्युटेशन निघालं. म्हणजे चारातल्या जवळजवळ एकाला केमोऐवजी गोळीनं सुरुवात करता येते. पण वर्षभराच्या आसपास गाठ परत वाढू लागते. परत वाढलेली गाठ वाचली, तर निम्म्याहून अधिक जणांत त्याच जनुकात आणखी एक बदल सापडतो. ७९० व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललेलं. तिथं गोळी पूर्वीसारखी पकड घेऊ शकत नाही. वाढीचा निरोप पुन्हा सुरू.

मामा : मग?

भाची : मग २०१५ मध्ये त्या बदललेल्या जागेवरही चालणारं ओसिमर्टिनिब आलं. तर काही जणांत ७९७ वी जागा बदलली, नेमकी ती, जिथं हे नवं औषध स्वतःला बांधून घेतं.

मामा : पहिलं विष पचवलं, मग दुसरं! मी काय वेगळं सांगत होतो? जितकं मारशील तितकी निबर पैदास. म्हणून म्हणतो, हा पैसा पाण्यात.

भाची : इथं आपलं फाटतं. तुम्ही बीटीच्या गोष्टीतून ‘मारूच नका’ असं शिकलात. मी वेगळं शिकते. दोन विषांचं बियाणं अपुरं का पडलं? पहिलं विष आधीच निकामी होत चाललं होतं, त्यावर दुसरं चढवलं. म्हणजे नावाला दोन, लढायला एकच. दोन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र असती तर?

मामा : तर दोन्ही पचवणारी अळी निघणं फार अवघड. लाखात एक गुणिले लाखात एक. हे खरं आहे. ते आम्हीही बैठकांतून मांडायचो.

भाची : टीबीला चार औषधं एकदम देतात ती याच हिशेबानं. आणि फुप्फुसाच्या याच कॅन्सरमध्ये टाटाच्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश यांच्या गटानं ३५० रुग्णांवर हे करून पाहिलं. अर्ध्यांना नुसती जेफिटिनिब, अर्ध्यांना जेफिटिनिब आणि सोबत केमो. नुसत्या गोळीवर रोग साधारण आठ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून सोळा महिने. २०२० मध्ये निष्कर्ष छापले गेले. औषधं जुनी, जेनेरिक मिळणारी. दुष्परिणाम वाढले, तेही त्यांनी लिहिलंय. पण वेळ दुप्पट झाला, आणि म्युटेशन वाचल्याशिवाय ही गोळी कुणाला द्यायची हेच कळलं नसतं.

मामा : सोळा महिने. म्हणजे बरा नाहीच.

भाची : पसरलेल्या रोगात नाही. मी खोटं कशाला सांगू?

मामा : मग त्या बांधावरच्या पाकिटाचं काय? आमचा अनुभव असा, की सगळी कीड मारायच्या नादाला लागलं की फसतं. कामगंध सापळे लावा, पतंग मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा. थोडी अळी राहू द्या. तुमचे डॉक्टर असा विचार करतात का?

भाची : करतात. आणि गंमत म्हणजे तुमच्याच खात्याकडून उचललेला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मॉफिट केंद्रातले रॉबर्ट गेटन्बी. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग एकेक कीटकनाशक पचवत गेला, त्या उदाहरणावरून आणि एकात्मिक कीड व्यवस्थापनावरून त्यांनी कॅन्सरसाठी एक पद्धत मांडली. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ११ रुग्णांवरचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापले. औषध द्यायचं, त्या कॅन्सरची खूण सांगणारा रक्तातला पीएसए निम्म्यावर आला की थांबायचं, मूळ पातळीला पोचला की पुन्हा द्यायचं. औषध निम्म्याहून कमी लागलं आणि बहुतेकांचा रोग नेहमीपेक्षा जास्त काळ ताब्यात राहिला.

मामा : बघ! मी सांगत नव्हतो?

भाची : थांबा, मामा. एक फरक तुमच्या नजरेतून सुटतोय. तुमच्या पाच ओळींचा उपयोग जोडी लागण्यावर होता. पतंग आपसांत मिसळतात, पुढची पिढी पातळ होते. कॅन्सरच्या पेशी जोडी लावत नाहीत. दाद न देणाऱ्या पेशीच्या सगळ्या लेकी तशाच निघतात. गेटन्बींचा भरवसा वेगळ्या गोष्टीवर आहे. औषधाला दाद न देणं पेशीला फुकट मिळत नाही, त्यात तिची ताकद खर्च होते. औषध नसताना साध्या पेशी जागेसाठी, रक्तपुरवठ्यासाठी तिला मागं ढकलतात. हे प्रत्येक कॅन्सरात खरं असेलच असं नाही. शिवाय ही पद्धत फक्त जिथं रोग मुळापासून निघण्याची आशा नाही तिथली. अकरा माणसांवरून नियम होत नाही. आणि कुणी हे ऐकून घरच्या घरी गोळ्या बंद केल्या, तर तो व्यवस्थापन करत नाहीये, फरदड घेतोय.

मामा : हे मात्र बरोबर बोललीस. अर्धवट फवारणी सगळ्यात वाईट. आता सांग, शेजाऱ्याची टेस्ट.

भाची : त्याची टेस्ट आत्ता करू नका.

मामा : हं! एवढा वेळ मग काय भांडत होतीस?

भाची : कारण तुमचं उत्तर बरोबर आहे, पण त्यामागचं कारण चुकीचं आहे. तुम्ही म्हणता जनुकं वाचून उपयोग नाही. फुप्फुसाचा तो प्रकार असता तर मीच म्हटलं असतं की भिशी उचला, टेस्ट आधी. गालाच्या कॅन्सरात अडचण निराळी आहे. तिथली मोडलेली जनुकं बहुतांशी थोपवणारी. टीपी५३, कॅस्प८, फॅट१. जास्तीचं काम करणाऱ्या प्रथिनाला औषधानं अडवता येतं. पण जे प्रथिन नाहीसंच झालंय, त्याला अडवणार काय? नसलेलं काम परत सुरू करून देणारी खात्रीची गोळी आज या कॅन्सरात हातात नाही. म्हणून टेस्टचा कागद आला तरी पहिला उपचार बदलणार नाही. पहिला उपचार ऑपरेशनच.

मामा : आणि सुरीला काय कळतंय म्युटेशन? सुरी पचवणारी पेशी कुठं असते?

भाची : नसते. हे वाक्य तुम्ही कुठल्याही वैद्यकीय परिषदेत म्हणू शकता. केमोतल्या सिस्प्लॅटिनचं पाहा. ते डीएनएची अक्षरं एकमेकांना बांधून टाकतं. खरं मारण्याचं काम करतं टीपी५३, कारण बिघाड ओळखून पेशीला मरायला तेच लावतं. ते मोडलेलं असेल तर पेशी बांधलेला डीएनए घेऊन रेटत राहते. काही पेशी औषध आत कमी घेतात, काही त्याला आतच निष्प्रभ करतात, काही झटपट दुरुस्ती करतात. म्हणजे जे बिघडल्यामुळं ती कॅन्सरची झाली, तेच तिला औषधातून वाचवतं. सुरीपुढं यातलं काही चालत नाही, गाठ पूर्ण निघाली तर. टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की तोंडाच्या लहान कॅन्सरात गाठीबरोबरच मानेतल्या लसिका ग्रंथीही पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. त्यात कुठलंही महागडं औषध नव्हतं.

मामा : मग तूच सांग, पैसा कुठं लावावा? माझं म्हणणं साधं आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा बिनधुराची तंबाखू खाणारा निघाला. एमआयडीसीच्या गेटवर पाळी सुटताना टॉर्च घेऊन उभं राहा. तोंड उघडा, जीभ बाहेर, गाल ओढून बघा. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास. त्याला कुठली मशीन लागते?

भाची : लागत नाही, आणि त्याला पुरावाही आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन असंच तोंड तपासलं. २००५ च्या निष्कर्षात तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले.

मामा : झालं तर मग!

भाची : पण का कमी झाले, ते तुमच्या टॉर्चला सांगता येत नाही. मला येतं. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी धरतात. शंभर कोटी पेशी व्हायला निदान तेवढी विभाजनं लागली, आणि प्रत्येक विभाजनात एखाद-दुसरं अक्षर चुकतं. तीनशे कोटी अक्षरांच्या हिशेबात मांडून बघा. त्या गाठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराची चूक कुठल्या ना कुठल्या पेशीत होऊन गेलेली असण्याची शक्यता दाट. म्हणजे एका औषधाला पुरून उरणारी पेशी औषधाचं नाव ठरायच्या आधीपासून तिथं बसलेली असते. आता रुंदी दोनाची चार सेंटिमीटर झाली तर पेशी किती झाल्या?

मामा : दुप्पट.

भाची : आठपट. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट. एक औषध पचवणारी पेशी आधीच होती, आता एकाच वेळी दोन पचवणारी निघण्याची शक्यताही वाढत गेली. दोन औषधं मिळून काम करतील ही आपली आशाच तिथं बारीक होते. ‘लवकर दाखवा’ हे पोस्टरवरचं वाक्य वाटतं, पण ते गणित आहे. गोल्डी आणि कोल्डमन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं.

मामा : म्हणजे इतकी अक्षरं वाचून तू शेवटी माझ्याच बांधावर आलीस.

भाची : अर्ध्या वाटेपर्यंत. टॉर्चनं सापडतील त्यांना तुमची बाजू. ज्यांना ऑपरेशन, शेक सगळं होऊन परत उगवतं, त्यांच्यापुढं टॉर्च धरून काय करणार? त्यांचंही मुंबईतच एक उदाहरण आहे. म्युटेशन झालेल्या पेशीतली काही प्रथिनं शरीराला परकी वाटायला हवीत. म्हणजे जी चूक पेशीला वाढवते, तीच तिची ओळखही असते. पण कॅन्सर रोगप्रतिकार पेशींना आवरून धरतो. निवोलुमॅब नावाचं औषध ती पकड सोडवतं, फक्त त्याची किंमत आपल्या माणसाच्या आवाक्यातली नाही. टाटाच्या डॉक्टरांनी तीन स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी दिलं, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. ज्यांचा कॅन्सर परत आलेला किंवा पसरलेला होता, त्यांच्यात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये छापलं गेलं. पेशी कशी निसटते हे कुणी बारकाईनं वाचलंच नसतं, तर हे औषध जन्मालाच आलं नसतं.

मामा : मात्रा कमी करून बघायचं धाडस आपल्याच लोकांनी केलं, हे मला आवडलं. फवारणीतही हेच आहे, डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे वेदवाक्य नव्हे. पण माझा मुद्दा राहतोच. तुझ्या प्रयोगशाळेला पैसा मिळतो, कारण तिचं उद्घाटन करता येतं. टॉर्चचं उद्घाटन कोण करतो? या शहरात कॅन्सरच्या नोंदी किती वर्षांपासून ठेवतात?

भाची : १९७८ पासून. इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईनंतर ज्या शहरांत नोंदणी सुरू केली त्यात आपलं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, होतं.

मामा : म्हणजे मी नोकरीला लागायच्या आधीपासून आपण मोजतोय. मोजणं झालं, वाचणं झालं. गेटवर उभं राहणं तेवढं राहिलं.

भाची : ते राहिलं, हे मान्य. पण ते आमच्या पैशातून कापून करायचं, हे मान्य नाही. दोन्ही लागतं.

मामा : सरकारात ‘दोन्ही’ नावाचं खातं नसतं, बाई. एकात घालायचे तर दुसऱ्यातून काढावे लागतात. मी तीस वर्षं बजेट मागितलंय. असो. त्याला काय सांगू?

भाची : सांगा, की जीन टेस्टसाठी तारीख पुढं ढकलू नको. त्याच्या कॅन्सरला थांबणं परवडत नाही. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतंय का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आजच विचारायला लावा. भिशी घरखर्चाला राहू दे, दोन-अडीच महिने तरी पाळी चुकणार.

मामा : आणि तंबाखू?

भाची : ती पहिल्या दिवसापासून बंद. उरलेल्या गालालाही तीच तंबाखू इतकी वर्षं लागलेली आहे. तिथंही चुका साचलेल्या असणार, नवी गाठ तिथून निघू शकते.

मामा : हे मी त्याला माझ्या भाषेत सांगतो. ऑपरेशन झाल्यावर?

भाची : काढलेली गाठ तपासून पुन्हा एक कागद येईल. तो मला पाठवा. कडा मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती ग्रंथींत उतरलाय, ग्रंथी फोडून बाहेर आलाय का, ते बघू. शेक लागणार का, त्यासोबत केमो लागणार का, हे त्यावरून ठरतं.

मामा : त्या कागदावर जनुकाचं एक अक्षर नसेल.

भाची : नसेल. आज त्याच्या कामाचा कागद तोच आहे. पण परत उगवलं, तर तेव्हा टेस्टचा विषय मी काढणार, आणि तुम्ही बांध घालायचा नाही.

मामा : तेव्हाचं तेव्हा भांडू. तू गुरुवारी इथं आहेस ना? पाळी तीनला सुटते. टॉर्च माझ्याकडं आहे, चट्टा कसा दिसतो ते तुला ठाऊक आहे.